अबोलीचा रंग आणि पंच्याआडचा फ्लॅश

आमच्या घरी फुलं सकाळी सव्वासहाला खुडतात आणि माझी सगळी अडचण तिथूनच सुरू झाली. गोव्यात प्रियोळला घर, मागे कुळागर (माड-पोफळी-केळींची बाग), पुढे अंगणात तुळस आणि तिच्याभोवती आईंनी (सासूबाई, पण आम्ही सगळे आईच म्हणतो) लावलेली जास्वंद, तगर, अनंत, गोकर्ण, सदाफुली, आणि मागच्या बाजूला गडग्याला लागून अबोलीची अख्खी रांग. गेल्या वर्षी माझी नणंद, ती दुबईला असते, म्हणाली वैनी मला आपल्या परसातल्या फुलांचे फोटो काढून पाठव, हॉलमध्ये फ्रेम करून लावायचे आहेत. मी फोनवर पटापट वीसेक काढून पाठवले. तिचा लगेच फोन आला, बाकी सगळं छान आहे पण ही आपली अबोली नव्हे गो, ही तर झेंडूसारखी पिवळी दिसते.

मी फोटो घेऊन परसात गेले आणि फुलाशेजारी फोन धरला. तिचं खरं होतं. अबोलीचा रंग म्हणजे नारिंगीत किंचित गुलाबी मिसळलेला, आपल्याकडे त्या रंगालाच अबोली म्हणतात, साडीच्या दुकानात सुद्धा अबोली रंगाची दाखवा म्हटलं की लगेच कळतं. आणि माझ्या फोटोत तो रंगच नव्हता. तेव्हा ठरवलं की फ्रेमला जाईल ती आपलीच अबोली असेल. त्याला जवळजवळ आठ महिने लागले, ते सगळं लिहून ठेवतेय कारण शिकताना मला असं एका जागी कुठे सापडलं नव्हतं.

घरात नवऱ्याचा जुना कॅनन १२००डी कॅमेरा पडून होता, सोबतची १८-५५ची लेन्स आणि एक ५० एमएम एफ/१.८. तो बाहेर काढला. पण सकाळी उठून बघते तर फुलं परडीत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातला येतो, आणि घरावर माड-पोफळींची सावली असल्यामुळे अंगणात खरा उजेड यायला आठ वाजतात, तोवर सगळी फुलं देवघरात पोचलेली. मी आईंना म्हटलं थोडी उशिरा खुडा ना, तर त्या म्हणाल्या, "देवाची वेळ फोटोसाठी बदलायची नाही गो. पण एकेक तुरा ठेवीन तुझ्यासाठी. हात लावू नकोस आणि वास घेऊ नकोस, उद्या तोच देवाला जायचा." वास घेतलेलं फूल देवाला वाहत नाहीत हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण फोटो काढताना फुलाला हात लावायचाच नाही हे किती कठीण आहे ते त्या दिवसांत कळलं. पाकळी सरळ करता येत नाही, कोळ्याचं जाळं काढता येत नाही, देठ क्लिपने धरता येत नाही. पण आता वाटतं बरंच झालं, त्यामुळे मी फुलाला हलवायच्या ऐवजी उजेडाला हलवायला शिकले.

सुरुवातीला मी फ्लॅशच्या विरोधात होते. मला वाटायचं फ्लॅश म्हणजे लग्नाच्या हॉलमधला, तोंडं पांढरीफटक करणारा. निसर्गातली गोष्ट निसर्गाच्याच उजेडात काढायची असं मनाशी पक्कं केलं होतं. मग दोन महिने नुसत्या उन्हात काढले. दुपारचं ऊन सगळ्यात वाईट, पाकळीचा वरचा भाग पांढरा आणि खालची सावली काळीकुट्ट. लाल जास्वंदीचं तर असं व्हायचं की स्क्रीनवर फोटो बरा दिसायचा पण कॉम्प्युटरवर मोठा केला की पाकळीवर एकही शीर नाही, सपाट लाल रंगाचा डाग. नंतर कळलं की लाल फुलात लाल चॅनल आधीच भरून जातो, साध्या पांढऱ्या हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाच्या आलेखात) ते कळतच नाही, कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम चालू करून लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलाय का ते बघावं लागतं. चिकटला असेल तर एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्यायचा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, एक वर म्हणजे दुप्पट). तगर, अनंत, मोगरा या पांढऱ्या फुलांचं बरोबर उलटं, कॅमेरा समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो म्हणून फ्रेमभर पांढरं फूल आलं की ते राखाडी करून टाकतो, तिथे पाऊण स्टॉप वर. उन्हाचा चटका कमी करायला पावसाळ्यातली काळी छत्री फुलावर धरायची, हे तर मी आजही करते, याला एक पैसा लागत नाही.

पण अबोलीचं काही केल्या जमेना. आमची अबोली पोफळींच्या खाली आहे, तिथे ऊन थेट पडत नाही, उजेड मऊ असतो, म्हणजे खरं तर फोटोला उत्तम जागा. तरी फूल मातकट यायचं, विटकरीसारखं. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडाचा रंग सांगायची सेटिंग) शेडवर ठेवून बघितला, क्लाउडीवर ठेवून बघितला, नुसतं पिवळं कमी-जास्त व्हायचं, तो मळकटपणा जात नव्हता. शेवटी एक दिवस अबोलीच्या शेजारी कोरा पांढरा कागद धरून त्याचा फोटो काढला. कागद हिरवट! डोळ्यांना अजिबात कळत नव्हतं, कारण आपला डोळा लगेच जुळवून घेतो, पण वरच्या झावळ्यांतून, केळीच्या पानांतून गाळून येणारा उजेड चक्क हिरवा होता. आणि हिरवा उजेड नारिंगी फुलावर पडला की मातकटच दिसणार. केल्विनचा आकडा, म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, डेलाइटचे ५२०० की शेडचे ७०००, तो फक्त निळं-पिवळं सांभाळतो. हिरवं काढायचं तर दुसरी पट्टी लागते, हिरवं ते मॅजेंटा अशी, आणि ती ओढली की फूल सुधारतं पण मागची पानं जांभळट होतात. मी त्यात तीन आठवडे घालवले.

उपाय एकच होता, फुलावर दुसरा, हिरवा नसलेला उजेड पाडायचा. म्हणजे फ्लॅश. दुपारच्या उन्हाचा आणि फ्लॅशचा रंग जवळपास सारखाच असतो, साधारण साडेपाच हजार केल्विन. नाइलाजाने कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडला.

पहिल्या दिवशी जे आलं ते बघून मला रडू आलं असतं. सकाळचे साडेआठ, चांगला उजेड, आणि फोटोत अबोलीच्या मागे रात्र. फुलावर पांढरा झगमगाट, पानं तेलकट चकाकणारी, आणि फ्रेमच्या खाली अर्धगोल काळी सावली. ती सावली कसली ते आधी कळलंच नाही, ती लेन्सची होती. १८-५५ लांब करून फुलाच्या अगदी जवळ गेलं की वरून येणारा फ्लॅश लेन्सवरूनच जातो आणि लेन्सची सावली फुलाच्या खालच्या अंगाला पडते.

मागे रात्र का झाली हे मात्र नीट समजून घेतलं, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते. फ्लॅश लावून काढलेला फोटो म्हणजे एकावर एक दोन फोटो असतात. एक आजूबाजूच्या उजेडाचा, एक फ्लॅशचा. फ्लॅशचा लखलखाट हजाराव्या भागाएवढ्या सेकंदात किंवा त्याहूनही कमी वेळात संपतो, त्यामुळे शटर सेकंदाच्या १/६० भागाएवढं उघडं ठेवा की १/२००, फ्लॅशचा भाग तेवढाच राहतो. शटरने फक्त आजूबाजूचा उजेड कमी-जास्त होतो. अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं, तो एफचा आकडा) आणि आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) दोन्हीला लागू पडतात. म्हणजे मागची पानं किती उजळ हवीत ते शटरने ठरवायचं आणि फूल किती उजळ हवं ते फ्लॅशच्या ताकदीने. ऑटोवर कॅमेरा आपलं आपण १/६० च्या वरचं शटर धरतो आणि बाकीचं काम फ्लॅशवर सोडतो, फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होत जातो, अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाई, मग वीतभर अंतरावरचं फूल लखलखीत आणि चार हात मागची केळ काळी. मी मॅन्युअलवर गेले. कुळागरात त्या वेळी आयएसओ ४००, एफ/८, १/६० ला फ्लॅशशिवाय फोटो बरोबर येत होता. तोच ठेवून फ्लॅशची भर घातली तर फुल फार उजळ, शटर १/१२५ केलं की मागचं एक स्टॉप खाली गेलं आणि फूल पुढे आलं, मागे केळ हिरवीच पण शांत. शटर १/२०० च्या वर माझा कॅमेरा फ्लॅशबरोबर जातच नाही, तो त्याचा सिंक स्पीड, प्रत्येक कॅमेऱ्याचा असा एक आकडा असतो. महागड्या फ्लॅशमध्ये हाय स्पीड सिंक असतो म्हणतात, म्हणजे त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालतो, तसा माझ्याकडे नाही, आणि सावलीत लागतही नाही.

एवढं कळल्यावर उरला झगमगाट. फ्लॅशची ताकद कमी केली तर झगमगाट मंद झाला, पण गेला नाही. तिथे मला वाटत होतं की फ्लॅश जोरदार आहे हा दोष, तसं नसतं, तो लहान आहे हा दोष. काडेपेटीएवढ्या काचेतून येणारा उजेड कितीही मंद केला तरी त्याची सावली धारदारच पडणार. ढगाळ दिवशी फुलं सुंदर दिसतात कारण अख्खं आभाळच दिवा झालेलं असतं. तेव्हा उजेड मोठा करायला हवा होता, आणि कॅमेऱ्यावरून काढून बाजूला न्यायला हवा होता.

पणजीला एका ओळखीच्याकडून साधा मॅन्युअल फ्लॅश सेकंडहँड घेतला, ताकद पूर्ण ते १/१२८ पर्यंत कमी करता येते असा, आणि एक रेडिओ ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब धरलेला फ्लॅश तारेशिवाय उडतो. टिश्यू पेपर लावला, तो दवाने भिजून फाटला. ट्रेसिंग पेपर लावला, तो वाऱ्यावर फडफडायचा. मग आईंची भरतकामाची दहा इंची रिंग दिसली, त्यात नवऱ्याचा जुना, धुऊन धुऊन विरलेला पंचा ताणून बसवला आणि फ्लॅश त्याच्या मागे वीतभर अंतरावर धरला. पंचा पुरता पांढरा हवा, नीळ घातलेला नको, नीळ असली तर उजेड निळसर येतो, मी आधी तीच चूक केली होती. रिंग फुलाच्या जितकी जवळ तितका उजेड मऊ, कारण अबोलीचा तुरा जेमतेम दोन-तीन बोटांएवढा, त्याच्यासमोर वीतभरावर दहा इंचांचं पांढरं वर्तुळ म्हणजे त्याच्यापुरतं आभाळच. फ्लॅशची ताकद १/१६, कधी १/३२. कॅमेऱ्यावरून सरळ मारायच्या ऐवजी डावीकडून थोडा वरून, आणि उजवीकडे पांढरा चार्ट पेपर. फॉइलही वापरून बघितली होती, ती ठिपकेदार चकाकी टाकते, चार्ट पेपरच बरा.

हे सगळं दोन हातांत मावत नाही. रिंग धरायला आई आल्या. सकाळी परडी भरून झाली की त्या आपणहून यायच्या, खाली पाटावर बसायच्या आणि रिंग धरायच्या, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर. एकदा विचारलं त्यांनी, या लखलखाटाने फूल कोमेजत नाही ना? मी म्हटलं आभाळातल्या विजेने कुठे कोमेजतं. तरी त्या दोन दिवस त्या तुऱ्यावर नजर ठेवून होत्या, काही झालं नाही तेव्हा निश्चिंत झाल्या.

लेन्स आता ५० एमएम, मागे १२ एमएमची एक्स्टेंशन ट्यूब लावलेली, म्हणजे नुसती पोकळ नळी असते, काच नसते, लेन्स सेन्सरपासून लांब गेली की जवळचं फोकस होतं. पण इतक्या जवळून एफ/२ वर काढलं तर फोकसमध्ये मिलिमीटरभरही येत नाही, एफ/११ ला तीन-चार मिलिमीटर. अबोलीचं फूल एका बाजूला पंख्यासारखं पसरलेलं, सपाट, हे तिचं वैशिष्ट्य, त्यामुळे कॅमेरा त्या पंख्याला समांतर धरला की तीन-चार मिलिमीटरमध्ये सगळ्या पाकळ्या बसतात. तिरका धरला की संपलं. हे समांतर धरणं मला फ्लॅशपेक्षा जास्त दिवस छळत होतं. एफ/११ ला उजेड कमी पडतो, तिथे परत फ्लॅशच उपयोगी येतो, नाहीतर शटर १/३० वर जातं आणि कुळागरात वारा नसला तरी अबोलीचा देठ कधी पूर्ण थांबत नाही. फ्लॅश हलणाऱ्या फुलाला गोठवतो खरा, पण आजूबाजूचा उजेडही तेवढाच जोरात असेल तर कडेला पुसट दुसरं फूल दिसतं, भुतासारखं. मागचं एक-दीड स्टॉप खाली ठेवलं की ते भूत जातं.

आता फ्लॅश जमला म्हणून सगळीकडे तोच मारायचा असं मी करत नाही. प्राजक्ताच्या सड्याला मी कधीच फ्लॅश लावणार नाही. पहाटेचा तो निळसर उजेड, ओली माती, आणि त्यावर पांढरी फुलं केशरी देठांची, तिथे ट्रायपॉड लावून दोन सेकंदाचं शटर ठेवायचं आणि दोन सेकंदाच्याच टायमरवर सोडून द्यायचं. खाली पडलेली फुलं वाऱ्याने हलत नाहीत, घाई कसली. गोकर्ण आणि जास्वंद सकाळच्या उन्हात मागून उजेड आला की आतून पेटल्यासारख्या दिसतात, शिरा न् शिरा मोजून घ्या, तिथे समोरून फ्लॅश मारणं म्हणजे त्या पेटलेल्या पाकळीवर पाणी ओतणं. ढगाळ दिवस असेल, जूनमधला पहिला पाऊस पडून गेलेला, तर मोगऱ्याला काहीच नको. पावसाळी दिवसांत अबोलीच्या सुकलेल्या शेंगा पाणी लागलं की तट् तट् फुटतात आणि बी लांब उडतं, लहानपणी आम्ही त्या थुंकी लावून फोडायचो. तो क्षण पकडायला मी चार दिवस पावसात बसले, मिळालेला नाही.

जायांचं, म्हणजे जाईच्या फुलांचं, वेगळं. म्हार्दोळ आमच्यापासून अगदी जवळ, तिथल्या म्हालसेच्या देवळातली जायांची पूजा सगळ्या गोव्याला माहीत आहे, आणि तिथल्या जायांच्या बागा पण. जायांच्या कळ्या दुपारनंतर खुडतात आणि उमलतात संध्याकाळी, म्हणजे परत उजेड नसतानाच. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात फ्लॅशचा पांढरा उजेड ओतला की फूल निळसर, मेल्यासारखं दिसतं, ओळखू येतं की बाहेरून काहीतरी मारलंय. तेव्हा फ्लॅशच्या काचेवर मी फिकट नारिंगी जिलेटिन पेपर लावते, सजावटीच्या दुकानात मिळतो तो, एकच पदर. ब्रह्मकमळ रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत मान टाकतं, त्याला तर फ्लॅश नाहीतर टॉर्च, दुसरा मार्गच नाही. दोन्ही करून बघितलं, पंच्यातून बाजूने मारलेला फ्लॅश मला आवडला, मागचा काळोख काळोखच राहू दिला, तिथे तो खरा आहे.

तर अबोली. मे महिन्याच्या शेवटी, आभाळ भरून आलेलं, एक तुरा आईंनी राखलेला, खालून दोन ओळी उमललेल्या आणि वरच्या अजून कळ्या. रॉ मध्ये काढला, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या फाइलमध्ये. सुरुवातीला त्याच जागी, त्याच पंच्याच्या उजेडात पांढऱ्या कागदाचा एक फोटो, म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर त्या कागदावर क्लिक करून रंग बसवता येतो. एफ/११, १/१२५, फ्लॅश १/१६. लाल आलेख भिंतीला टेकू दिला नाही. स्क्रीनवर रंग बघून मी बराच वेळ तशीच उभी होते.

प्रिंट मात्र पहिली आली ती परत झेंडू. लॅबमध्ये मशीन आपोआप रंग सुधारतं, त्याला अबोली म्हणजे चूकच वाटली असणार. परत जाऊन सांगितलं, ऑटो करेक्शन बंद करून काढा, आणि शेजारी ठेवायला म्हणून डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून खरा तुरा घेऊन गेले होते तो दाखवला. ते काम करणाऱ्या मुलाने दोन छोटे तुकडे आधी काढून बघितले, मग मोठी काढली.

घरी आल्यावर आईंना दिली. त्यांनी चष्मा लावला, प्रिंट बलकावात (दारासमोरच्या ओसरीत) उजेडाकडे नेली, परसातून एक ताजा तुरा आणला आणि तिच्याशेजारी धरला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग खालच्या ओळीतल्या एका फुलावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आदल्या दिवशी उमललेलं. याच्या कडा बघ, जरा फिकट झाल्यात. वरची दोन त्याच दिवसाची." मी फोटो काढताना मला स्वतःला तो फरक दिसला नव्हता. परत मोठा करून बघितला, कडा खरंच फिकट होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रिंट गोल गुंडाळून दुबईला जाणाऱ्या शेजाऱ्यांच्या मुलाकडे दिली.